विज्ञान प्रदर्शनात 'इंटेलिजंट डिझाइन': मांडू द्या, पण 'पर्यायी सिद्धांत' म्हणून नको

मॅडम, तुमचा प्रश्न असा: पुण्यातल्या तुमच्या ज्युनियर कॉलेजच्या प्रदर्शनात अकरावीच्या दोन मुलांना 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले, हा दावा) उत्क्रांतीला पर्यायी सिद्धांत म्हणून मांडायचाय, आणि एका पालकांचं म्हणणं, 'दोन्ही बाजू येऊ द्या'. विषय जरूर मांडू द्या. 'पर्यायी सिद्धांत' हे शब्द मात्र काढायला लावा.

का ते मुलांना नीट सांगावं लागेल. बरेच शिक्षक एका दमात सांगतात की हे तपासताच येत नाही आणि हे खोटंही ठरलंय. मग मुलं विचारणारच, तपासता येत नाही तर खोटं ठरलं कसं? म्हणून दोन दावे सुटे करा. 'कुणीतरी बुद्धिमंताने सजीव घडवले' हा पहिला. कोणी, केव्हा, कशाने, यातलं काहीच सांगत नसल्याने उद्या काहीही सापडलं तरी तो शाबूत. 'अमुक यंत्रणा टप्प्याटप्प्याने बनूच शकत नाही' हा दुसरा, आणि तो तपासता येतो.

दुसऱ्या दाव्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जिवाणूची कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी फिरणारी शेपटी. इंटेलिजंट डिझाइनचे पुरस्कर्ते, अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी 1996 मध्ये मांडलं की तिचा एक भाग काढला की सगळं काम बंद, म्हणून ती क्रमाक्रमाने घडलीच नसणार. पण यातली सुमारे दहा प्रथिनं 'टाइप थ्री' स्रावयंत्रणेतल्या प्रथिनांची नातलग आहेत. काही रोगकारक जिवाणू या यंत्रणेतून स्वतःची प्रथिनं थेट माणसाच्या पेशीत टोचतात. म्हणजे कमी भागांचा संच वेगळं काम करू शकतो, आणि बीहींचा 'म्हणून' तिथेच अडतो. इथे एक चूक हमखास होते: पोस्टरवर 'स्रावयंत्रणेपासून कशाभिका झाली' असं लिहिलं जातं. वंशवृक्षाचे अभ्यास बहुतांशी उलटी दिशा दाखवतात, तेव्हा ते वाक्य नकोच.

मुलांचा सगळ्यात दमदार मुद्दा वेगळाच असेल: पुरातत्त्ववाले दगड पाहून 'हे माणसाने घडवलंय' म्हणतात, ते चालतं, मग आमचं का नाही? जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीकाठी अशी दगडी हत्यारं सापडली आहेत, आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयातही हत्यारं पाहता येतात. मुलांना तिकडे न्या. टवका उडालेल्या जागी पडलेला खोलगा, टवक्यावर आघातबिंदूखाली आलेला फुगवटा, धारेच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मारलेले घाव हे डोळ्यांनी पाहू द्या. घडवणारा कोण, त्याचं साहित्य काय, घाव कसा बसतो हे ठाऊक आहे; तसाच दगड घेऊन आजही तसं हत्यार घडवता येतं. 'गुंतागुंतीचं आहे, सबब घडवलेलं आहे' असं तिथे कुणी म्हणत नाही.

तपासण्याजोगा सिद्धांत कसा दिसतो तेही संगणकावर दाखवा. एनसीबीआय या अमेरिकी जनुक-माहितीसंग्रहाच्या साइटवर 'टीब्लास्टएन' (प्रथिनाशी जुळणारे तुकडे डीएनएत शोधणारं साधन) उघडा, उंदराचं गुलो प्रथिन (क जीवनसत्त्व बनवणारं) टाका आणि माणसाच्या जीनोमवर, म्हणजे संपूर्ण डीएनएवर, चालवा. शोध प्रथिनांच्या यादीत लावू नका. माणसात हे प्रथिन बनतच नाही, म्हणून तर आपल्याला क जीवनसत्त्व खावं लागतं. 8 व्या गुणसूत्रावर या जनुकाचे मोडके तुकडे जुळतील; जुळणीत * दिसलं तर तो थांबसंकेत, म्हणजे प्रथिन बनणं तिथेच थांबतं. मग तेच चिंपांझीच्या जीनोमवर करा. समान पूर्वज असेल तर मोडतोडही सारखी हवी. ती वेगळी निघाली असती तर उत्क्रांतीची अडचण झाली असती. गिनीपिगातही हे जनुक बंद पडलंय, पण वेगळ्या वंशात, स्वतंत्रपणे. मात्र हे उदाहरण बीहींवर उगारू नका, समान पूर्वज त्यांनाही मान्य आहे. (हे ऐकून त्यांचे पुष्कळ चाहते गडबडतात.)

राहिला अमेरिकेतल्या डोव्हरचा निकाल. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खटल्यात 20 डिसेंबर 2005 रोजी न्या. जॉन जोन्स यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे असं म्हटलं. पण तो खटला धर्म आणि सरकारी शाळा यांच्या फारकतीचा, त्यांच्या राज्यघटनेतला. पोस्टरवर एका ओळीत इतिहास म्हणून ठीक; पुरावा म्हणून लावला तर परीक्षक विचारतील की विज्ञान कोर्टात ठरतं का, आणि त्यांचं बरोबरच असेल. त्या पालकांना पोस्टरचं नवं शीर्षक आधीच दाखवून ठेवा: 'रचनेचा दावा कसा तपासायचा?'