उन्हाची बाजू पाहूनच सावलीची फुलं लावा

प्रश्न : घराच्या उत्तरेला भिंतीलगत वाफा आहे. ऊन येत नाही, पावसाळ्यात पाणी साचतं. रोज लक्ष द्यायला वेळ नाही. काय लावू? (मानेवाडा)

उत्तर : ‘ऊन येत नाही’ हे तुम्ही हिवाळ्यात पाहिलं असेल, तर मे महिन्यात पुन्हा बघा. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेचा वाफाही उन्हात येतो. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळत असेल तर दीड-दीड फुटावर अबोली लावा. तेवढंही नसेल तर ती लुकडी वाढते, फुलं तुरळक येतात. तिथे पीस लिलीच बरी. पश्चिमेचं ऊन येत असेल तर मात्र नवतपा (मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत हिरवी जाळी बांधा.

साचणाऱ्या पाण्याचा दोष काळ्या मातीचा. वरून मूठभर रेती टाकून ती सुधारत नाही. विटा लावून वाफा नऊ इंच उचला आणि दोन घमेली माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं कुजलेलं शेणखत अशा मापानं भरा. पाणी निघायला विटांत फटी ठेवा.

प्रश्न : पीस लिलीच्या पानांची टोकं करपतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच घालतो. (प्रतापनगर)

उत्तर : ते वाया जाऊ द्या. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर आणखीच. कुंडीत साधं पाणी खालून भरपूर वाहून जाईपर्यंत दोनदा घाला. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, कात्रीनं कापा. फुलंही येत नसतील तर कुंडी उजेडाच्या खिडकीजवळ सरकवा. अंधाऱ्या कोपऱ्यात ती जगते, पण फुलत नाही.

प्रश्न : आंब्याखाली काहीच टिकत नाही. (धरमपेठ)

उत्तर : आंब्याची वरवरची मुळं पाणी आधी ओढतात. तिथे खोल खणू नका, बुंध्याशी मातीही चढवू नका. बुंध्यापासून लांब, मुळांमधल्या मोकळ्या जागी भुईचाफा आणि फुटबॉल लिलीचे कंद पावसाच्या तोंडावर दोन इंच खोल लावा. दोन्ही हिवाळ्यात पानं टाकून झोपतात, तेव्हा पाणी लागत नाही. भुईचाफ्याची फुलं तर उन्हाळ्यात पानांआधीच जमिनीतून येतात. जागेवर काडी रोवून ठेवा, नाहीतर माळी रिकामी समजून खणतो.

प्रश्न : माती ओली असूनही अबोली माना टाकते. (हिंगणा)

उत्तर : एक रोप उपटून मुळं बघा. गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत आहेत. रोगट रोपं खतात टाकू नका, त्या जागी पुन्हा अबोली लावू नका. चौरस मीटरला पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. गाठी नसून मुळं तपकिरी, मऊ झाली असतील तर पाणी जास्त होतंय. वरची दोन इंच माती सुकल्यावरच पुढचं पाणी द्या.