गावाकडे मोबाईल सेवा बनवायची तर विद्यापीठ-कंपनी-शेतकरी मिळून केलेलं संशोधन खरंच कामी येतं का?

येतं. पण तुम्ही विचारलंय की आधी अॅप बनवून घेऊ आणि मग कृषी विद्यापीठाला जोडून घेऊ, चालेल का, तर माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मी यवतमाळकडच्या कापसाच्या गावांत काम करतो म्हणून कापसाचंच सांगतो.

क्रॉपसॅप, म्हणजे पिकांवरच्या किडींवर नजर ठेवून सल्ला देणारा सरकारी प्रकल्प, माहीत असेल. २००८ ला विदर्भात सोयाबीनवर अळ्यांनी धुमाकूळ घातला, त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी खात्याने हा प्रकल्प सुरू केला, सोबत कृषी विद्यापीठं आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या केंद्राच्या संस्था. माणसं ठरलेल्या शेतात जाऊन किडी मोजणार, आकडे ऑनलाईन भरणार, तज्ज्ञ ते बघून सल्ला लिहिणार आणि तो एसएमएसने शेतकऱ्याला जाणार. मोबाईल पार शेवटी आला ना, तोही साधा बटनवाला चालतो.

मग २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आमच्या भागाची पार वाट लावली. पुढे वाधवानी एआय या ना-नफा संस्थेवाल्यांनी कापसासाठी अॅप केलं, त्यात कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो काढायचा, फोन स्वतःच पतंग मोजतो आणि फवारायचं की थांबायचं ते सांगतो. यातला फवारणीचा आकडा शास्त्रज्ञांचा, एका सापळ्यात रात्री ८ पतंग, तेही सलग ३ रात्री. मोजणारं मॉडेल इंजिनियरचं, पण शेतात रेंज नसते म्हणून ते लहान करून नेट नसताना चालेल असं बनवावं लागलं, आणि हे मुंबईत बसून सुचत नाही भाऊ.

फोटोचंच घ्या. सापळ्याची पिशवी कागदावर झटकली की राखाडी रंगाचे बारीक पतंग पडतात, काही पावसाने कुजून एकमेकाला चिकटलेले, काहींचे पंखच नाहीत, मधे भलतेच किडे, वरून फोटो काढणाऱ्याची सावली. हे आधी बघितलेला कोणी टीममध्ये नसला तर मोजणी चुकणारच.

अजून एक, यावर कोणी बोलत नाही. सापळ्यातली ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारा वास सोडणारी, आमच्याकडे जिला गोळी म्हणतात ती, वेळेवर बदलली नाही तर पतंग येतच नाहीत. म्हणजे फोटोत शून्य, अॅप म्हणते सगळं ठीक, आणि इकडे शेतात डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने न उमललेली फुलं, दिसायला लागलेल्या. आमच्या एका काकांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "सापया खाली हाय अन् बोंडात अयी हाय, मंग तुमचा मोबाईल काय करते?" बरोबरच आहे ना, हे कोडिंगने सुटत नाही, गोळ्या कोण आणणार आणि कोण बदलणार हे ठरवावं लागतं.

पैशाचंही आधीच विचारून घ्या. फंडिंग असतं तोवर सगळे येतात, नंतर सर्व्हरचा आणि मेसेजचा खर्च कोण करणार हे कागदावर नसलं तर दुसऱ्याच हंगामात सगळं बंद पडतं.

तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात जा, पण उन्हाळ्यातच, एकदा पेरण्या लागल्या की तिथं कोणाला बसून बोलायला फुरसत नसते. जाताना तुमच्याच गावातले दोन-चार कास्तकार सोबत न्या, आणि त्यातला एखादा तरी असा न्या ज्याला स्मार्टफोनचा वैताग आहे.