जुन्या माउझरच्या ॲक्शनवर कमी पैशात शिकारीची रायफल बनवून घ्यावी का?

घेऊ नका. निदान ‘स्वस्त पडेल’ या कारणासाठी तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की परवाना आहे, पैसे बेताचे आहेत आणि ओळखीच्या एकाकडे माउझर या जुन्या जर्मन बनावटीच्या लष्करी रायफलीची नुसती ॲक्शन, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा बोल्ट आणि तो बसतो तो सांगाडा, पडून आहे. तिच्यावर .३०८ या काडतुसाची नळी आणि मनासारखा दस्ता चढवायचा. अगदी हाच हिशेब मी मांडला होता. सगळ्यात अवघड भाग जवळजवळ फुकटात मिळाला, आता उरलंय काय, असं मलाही वाटलं.

काय काय उरलं होतं ते सांगतो. माझ्या ॲक्शनच्या बोल्टची मूठ सरळ आडवी होती. वर स्कोप बसवला की बोल्ट उचलताना ती स्कोपला अडायची. म्हणून ती कापून खाली वळलेली मूठ वेल्ड करून घेतली. सेफ्टीचं पातं बोल्टच्या मागे उभं राहायचं, तेही स्कोपखाली अडकायचं, म्हणून सेफ्टी बदलली. रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याला, स्कोपच्या बैठकीसाठी (माउंटसाठी) भोकं नव्हती. ती पाडून आटे काढायचे म्हणजे नाजूक काम, ओळ जरा चुकली की स्कोप जन्मभर तिरका. लष्करी चाप दोन टप्प्यांत ओढायचा, तो मला रुचेना, मग तोही नवा. एवढं झाल्यावर नळी, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा), दस्ता ही ‘खरी’ कामं सुरू झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शेवटी बेरीज केली तेव्हा कळलं की तेवढ्यात कारखान्यातून आलेली नवी कोरी रायफल मिळाली असती आणि वर काडतुसांनाही पैसे उरले असते.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. ती ॲक्शन ९८ ची, म्हणजे १८९८ च्या नमुन्याची, आहे की तिच्याआधीची ९३, ९५ किंवा ९६? १८९८ च्या रचनेत बोल्टला मागे तिसरा, सुरक्षेसाठीचा लग (बोल्ट जागेवर अडकवून धरणारा दात) आहे आणि काडतूस फाटलंच तर गॅस डोळ्यांपासून दूर काढायची सोयही जास्त चांगली आहे. आधीच्या ॲक्शन ७×५७ सारख्या काडतुसांच्या काळातल्या. त्या काडतुसाची अमेरिकन मानकातली कमाल दाबमर्यादा ५१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), .३०८ ची ६२,०००. नळीचे आटे जुळले म्हणजे ॲक्शन तेवढा दाब सोसेलच असं नाही. शिवाय जुनं पोलाद वरून पाहून ओळखता येत नाही. अमेरिकन लष्करी रायफल स्प्रिंगफील्ड १९०३ चंच पाहा. स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या ८,००,००० च्या खालच्या क्रमांकांचे रिसीव्हर आजही जाणकार वापरू देत नाहीत, कारण तेव्हा पोलाद किती तापलंय ते कारागीर रंगावरून डोळ्यांनी ठरवत आणि त्यातले काही ठिसूळ निघाले.

मग करायचं काय? वापरलेली पण पूर्ण, साधी बोल्ट ॲक्शन रायफल घ्या. दस्ता ओरखडलेला असला तर उत्तमच, किंमत त्यानंच उतरते आणि नेमाला त्यानं काही होत नाही. पाहायचं ते नळीचं तोंड, आतले पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा) आणि बोल्टचे लग. नळीच्या तोंडाशी पेचांच्या कडेला टवका असेल तर गोळी बाहेर पडतानाच भरकटते. अर्थात, गनस्मिथ ते तोंड पुन्हा कापून देतो आणि ते फार मोठं काम नाही, त्यामुळे भाव पाडायला हा मुद्दा चांगला. सॅव्हेज ११० च्या जातीची मिळाली तर मी तीच घेईन. तिची नळी नटवर आवळलेली असते, म्हणून पुढेमागे बदलताना गनस्मिथचं काम आणि तुमचा खर्च दोन्ही कमी. मात्र हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला उरणारी जागा, त्यालाच गेजनं (ठरावीक मापाच्या नमुन्यानं) तपासू द्या. ‘गो’ गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, ‘नो-गो’वर मिटता कामा नये. इथं अंदाजपंचे चालत नाही.

‘मनासारखी’ करायची हौस नंतर, एकेक करून भागवा. पहिलं काम बेडिंगचं, म्हणजे ॲक्शन दस्त्यात न हलता बसवणं. नळी आणि दस्त्याच्या मधून कागदाची पट्टी चेंबरजवळपर्यंत सरकायला हवी, म्हणजे नळी दस्त्याला टेकत नाही. दुसरं, चाप. बाकी कोरीवकाम, रंग वगैरे तुमची मर्जी.

अचूकतेच्या मागे किती धावायचं? मी अर्ध्या मिनिटाच्या हट्टापायी बराच पैसा घातला. हे मिनिट वेळेचं नाही, कोनाचं, अंशाचा साठावा भाग. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. दीड मिनिटाची रायफल २०० मीटरवर नऊएक सेंटिमीटरच्या घोळक्यात गोळ्या टाकते आणि हरणाच्या छातीतली मर्मजागा साधारण २० सेंटिमीटरची असते. चूक रायफलची नसते, बहुतेक वेळा खांद्याची असते. म्हणूनच फार हलकी रायफलही घेऊ नका. धक्का जोरात बसतो आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात. (माझे मिटायचे. कबूल करायला मला दोन हंगाम लागले.)

स्कोपवर मात्र कंजुषी नको. आणि नेम अचानक बिघडला तर रायफलीला शिव्या देण्याआधी माउंटचे स्क्रू तपासा. तीन प्रकारच्या काडतुसांची एकेक पेटी घ्या, प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन घोळके झाडा, जी रायफलीला मानवतील ती ठरवा आणि उरलेला पैसा त्याच काडतुसांत घाला. सराव टेबलावर टेकून कमी, बसून आणि गुडघ्यावर जास्त.

ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जात असेल, तर नुसती ॲक्शनही तुमच्याकडच्या कायद्यात शस्त्र धरली जाते का ते आधी पाहा. मग ती गनस्मिथकडून तपासून घ्या. त्यानं होकार दिला तरी मूठ, सेफ्टी, भोकं, चाप, नळी, दस्ता असा सगळ्या कामांचा एकत्र आकडा कागदावर लिहून मागा. मी तो मागितला, पण तिसरं काम उरकल्यावर.