वीस वर्षं जुनी बॉक्स्टर रोज ऑफिसला न्यायला घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी, जाऊन-येऊन रोजचे साठ किलोमीटर, गाठीला पंधरा हजार युरो, आणि २००३ची एक पोर्शे बॉक्स्टर, दोन सीटची, छप्पर उघडणारी, मनात भरलीय. ऑफिसातले म्हणतात इंजिन फुटेल, नसता उद्योग करू नका. तर घ्यावी का?

मी घेतली. २०१९ मध्ये, २००३चीच, २.७ लिटरची, १,१८,००० किलोमीटर पडलेली, साडेअकरा हजारांना. तेव्हापासून लुडविग्सबुर्गहून रोज तिनेच कामावर जाते. इंजिन काही फुटलं नाही. मात्र एका नोव्हेंबरात झाडाच्या पानांनी मला पंधरा दिवस बसने फिरवलं. ते सांगतेच, कारण तुम्हाला ज्याची भीती घातली जातेय त्याहून तेच जास्त कामाचं आहे.

आधी ती भीती. सगळे बोलतात ते आयएमएस बेअरिंगबद्दल. या इंजिनात क्रँकशाफ्टकडून फिरणं घेऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या साखळ्यांना देणारा एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) आहे, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला त्याच्या टोकाशी एक सीलबंद बेअरिंग. वर्षानुवर्षांत सील म्हातारं होतं, आतलं ग्रीस जातं, बेअरिंग खुळखुळायला लागतं. ते तुटलं तर टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि पुढचं बोलण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग गोळ्यांच्या दोन ओळींचं होतं. २०००च्या आसपास ते एका ओळीचं झालं, आणि हेच नाजूक. अमेरिकेत याच्यावरून सामुदायिक दावा झाला तो २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांसाठी. त्यानंतर मोठं बेअरिंग आलं, पण ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलता येत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच काढून टाकला. म्हणजे तुमची गाडी बरोबर नाजूक काळातली. माझीही.

तरी घ्या म्हणते, कारण हा दोष माहितीचा आहे आणि त्यावर उपाय आहे. बहुतेक गाड्यांत बेअरिंग तुटत नाही. बदलायचं तर गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो, म्हणून क्लच बदलताना त्याच मजुरीत ते आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील उरकून घेतात. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: क्लच कधी बदलला, तेव्हा बेअरिंग बदललं का, बिल दाखवा. ‘बदललंय बहुतेक’ म्हणाला तर बदललेलं नाही असं धरून भाव करा. माझ्या गाडीचं बिल नव्हतं, म्हणून किंमत उतरवून घेतली आणि पहिल्याच महिन्यात एका छोट्या गॅरेजात तिन्ही कामं करून घेतली. २,३०० युरो गेले.

तिथल्या मेकॅनिकने जुना ऑइल फिल्टर माझ्यासमोर कापला. कागदाच्या घड्या पंख्यासारख्या उलगडून दिव्याखाली धरल्या आणि त्यावरून सावकाश लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही. घडीत दोन-तीन तपकिरी कण होते, नखाने दाबले तर लवले. प्लास्टिक, म्हणाला, साखळीच्या पट्ट्यांचं, या वयात असायचंच. धातूचा चकचकीत चुरा दिसला असता तर मी गाडी परत ढकलत नेली असती. तेव्हापासून दर ऑइल चेंजला मी स्वतः फिल्टर उघडते. आठ लिटरहून जास्त ऑइल लागतं, दर वर्षी बदलते, कंपनीच्या पुस्तकात काही का लिहिलेलं असेना.

आता पाण्याची गोष्ट. कापडी छप्पर मागे घडी होतं, त्या खोबणीत दोन्ही बाजूंना, दारांच्या मागे, पाणी खाली जायला भोकं असतात. आमच्या गल्लीत लिंडनची झाडं आहेत. मी गाडी त्यांच्याखाली लावत होते आणि भोकं साफ करायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पानांचा कुजून गाळ झाला, पाण्याला वाट मिळाली ती आत, गालिच्याच्या फोममध्ये. आणि डाव्या सीटखाली, अगदी जमिनीलगत, सेंट्रल लॉक आणि इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा) कंट्रोल युनिट बसवलेला आहे. ही जागा ज्याने ठरवली त्याच्या गावात पाऊस पडत नसावा.

रात्री दोन वाजता हॉर्न वाजायला लागला. शेजारच्या आजी गाऊनवर बाल्कनीत आल्या. सकाळी बॅटरी ठार उतरलेली. बॅटरी पुढच्या डिकीत, डिकीचं कुलूप विजेवर, वीज बॅटरीत. चावी दारात फिरवून आत बसले आणि मॅन्युअल वाचलं, तेव्हा सुटका कळली: पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये एक टोक बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीची प्लस वायर आणि दाराच्या कडीला मायनस लावायची. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल ओढली, बटण दाबलं, डिकी टक् करून उघडली. पण नवीन बॅटरी लावूनही सेल्फ लागेना, कारण भिजलेला युनिट चावी ओळखायलाच तयार नव्हता. तो युनिट काढून पाठवणं, दुरुस्त होऊन येणं, गालिचा सुकवणं, यात पंधरा दिवस आणि सहाशे युरो. आता दर ऑक्टोबरात छप्पर अर्धं उचलून भोकांत गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घालते. तार घालू नका, खालची नळी निसटते.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी डाव्या सीटखाली हात घालून गालिचा जोरात दाबा. मग इंजिन. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर सायलेन्सरला हात लावून खात्री करा. थंड असताना सुरू होताना दोन-तीन सेकंद साखळीची खडखड चालते. आडव्या सिलिंडरांचं इंजिन आहे, बरेच दिवस उभं राहिलं तर सुरुवातीला थोडा धूरही चालतो. पांढऱ्या धुराचे लोट येतच राहिले तर ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग, गेलाय. मागच्या डिकीत कूलंटची प्लास्टिकची टाकी आहे, ती या वयात तडकते. भोवतीचा गालिचा ओला किंवा चिकट आहे का बघा. पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारा: तिथेही पानं साचतात आणि जाळीमागचे एसीचे कंडेन्सर सडतात. दोन चाव्या हव्यातच.

किलोमीटर कमी म्हणून हुरळून जाऊ नका. साठ हजार पडलेली, दहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी मी घेणार नाही. तिची सीलं, रबर, टायर सगळं वाळलेलं असतं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे आहेत, म्हणजे अदलाबदल करून चालवता येत नाहीत, आणि हिवाळ्याचा संच वेगळा. त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा. एकूण पंधरा हजारांतले अकरा-बारा गाडीला आणि उरलेले पहिल्या वर्षाला, हा हिशोब मोडू नका. रोडटॅक्स मात्र सुखद आहे, २.७ लिटरला वर्षाला १८० युरोंच्या आसपास. पेट्रोल शंभर किलोमीटरला दहा-अकरा लिटर, तेही सुपर प्लस, म्हणजे जास्त ऑक्टेनचं. विकणारा व्यापारी असेल तर दोषांची किमान एक वर्ष जबाबदारी त्याच्यावर असते. खासगी विक्रेता करारातल्या एका ओळीने ती झटकतो.

रोजच्या वापराला कशी? तुमचे एका बाजूचे तीस किलोमीटर तिला मानवतील, ऑइल नीट गरम होतं. चार किलोमीटरचं ऑफिस असतं तर नको म्हटलं असतं. पुढे-मागे दोन डिक्या आहेत, पुढची चांगली खोल, तांदळाचं दहा किलोचं पोतं आणि आठवड्याचा भाजीपाला सहज मावतो. माणसं मात्र दोनच. गणपती आणायला गेलो तेव्हा मूर्ती नवऱ्याच्या मांडीवर होती आणि आरास ट्रेनने आली. आई सांगलीहून आली तेव्हा पहिल्यांदा बसताना म्हणाली, “अगं, ही गाडी आहे की पाट?” उतरताना तिला हाताला धरून ओढावं लागलं. पण छप्पर उघडून नेकार नदीच्या काठाने हिंडवलं त्यानंतर बसमध्ये बसायला तयार नव्हती.

पुढे पुण्याला परतताना बरोबर नेण्याचं मनात असेल तर ते सोडून द्या. भारतात आणायची जुनी गाडी तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते.

‘त्यापेक्षा बीएमडब्ल्यूची झेड४ घे’ असंही कोणीतरी सुचवेल. तीही दोन सीटची, छप्पर उघडणारी. सहा सिलिंडरची जुनी झेड४ चांगलीच आहे, बेअरिंगची ही भानगडही नाही. फक्त तिच्या छपराची मोटर नेमकी पाणी जायच्या खळग्यात बसवलेली आहे. भोक तुंबलं की मोटर बुडते.

गाडी कुठलीही असो, बघायला रात्रभर पाऊस पडून गेलेल्या सकाळी जा.