अमेरिकी धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेनने एनसीएएची एकच शर्यत सलग चार वर्षे जिंकली होती का?

होय, ओरेगन विद्यापीठाकडून धावताना प्रीफाँटेनने १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षे अमेरिकेच्या या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. मात्र विजेत्यांच्या नोंदी पाहिल्यास १९७२ या ऑलिंपिक वर्षी तिचे अंतर तीन मैलांऐवजी ५,००० मीटर होते, हे लक्षात घ्यावे. क्रॉसकंट्रीचे (मोकळ्या रानावनातून धावण्याच्या शर्यतीचे) विजेतेपदही त्याने १९७०, १९७१ आणि १९७३ मध्ये मिळवले. ही चमक अचानक आलेली नव्हती: कूस बे येथील मार्शफील्ड हायस्कूलमध्ये असतानाच, १९६९ साली, त्याने दोन मैल ८ मिनिटे ४१.५ सेकंदांत धावून राष्ट्रीय शालेय विक्रम केला होता, आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी त्या धावेतच प्रथम दिसते.