समुद्र तोच, मग किनारा कसा वाढला?

प्रश्न : माझ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारताचा किनारा ७,५१७ किलोमीटर आहे. अलीकडे बातमीत ११,०९९ वाचलं. खरा आकडा कोणता?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोन्ही खरे आहेत, आणि या प्रश्नातलं गणित मला फार प्रिय आहे. जुनी मोजणी ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरची. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे ४५ किलोमीटर. नवी अडीच लाखांस एकची, म्हणजे सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. जुन्या नकाशात दाभोळची खाडी जेमतेम एक खाच. नव्यात तिची वळणं दिसतात, वळणांना फुटलेले फाटे दिसतात. तेवढी लांबी वाढली.

नकाशा आणखी बारकाईचा घेतलात तर आकडा पुन्हा वाढेल. वर्तुळाचा परीघ लहान लहान पट्टीने मोजत गेलं की उत्तर एका आकड्याशी येऊन ठरतं. किनाऱ्याचं तसं होत नाही, कारण खाडीत उपखाडी, तिच्यात खडकांच्या कपारी असा आकार प्रत्येक पातळीवर जवळजवळ तसाच पुन्हा येतो. अशा आकाराला गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ नाव दिलं. त्यांच्याआधी ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्डसन यांना दिसलं होतं, की एकाच सीमेची लांबी स्पेन ९८७ किलोमीटर सांगतो आणि पोर्तुगाल १,२१४!

मुलीला हे कागदावर दाखवा. एक रेघ काढा, तिचे तीन समान भाग करा, मधला पुसून तिथे त्याच लांबीच्या दोन रेघांचं टोक उभं करा. आता प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच. स्वीडनचे गणितज्ञ कॉख यांची ही १९०४ची रचना. दर फेरीला लांबी ४/३ पट होते. दहा फेऱ्यांत जवळपास अठरा पट, आणि तरी सगळं त्याच कागदावर मावतं. निसर्गात ही पुनरावृत्ती इतकी काटेकोर नसते आणि कुठेतरी थांबतेही. नेच्याच्या पानात पानासारखी पर्णिका, तिच्यात तशीच आणखी लहान. दोन-तीन पायऱ्यांत संपलं.

किनाऱ्याचा वाकडेपणा मात्र आकड्यात मांडता येतो. त्या आकड्याला मिती म्हणतात; किनारा जितका वाकडातिकडा, तितकी ती मोठी. सरळ रेघेची मिती १. दक्षिण आफ्रिकेचा गुळगुळीत किनारा १.०२, ब्रिटनचा पश्चिम किनारा १.२५. कोकणासाठी मुलीने स्वतः प्रयत्न करावा. कंपासपेटीतलं कर्कटक आधी दोन सेंटिमीटर उघडून रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा मोजायचा, मग एक, मग अर्धा. तिन्ही उत्तरं वहीत शेजारी लिहायची. आणि परीक्षेत पुस्तकातलाच आकडा लिहू द्या, पण शेजारी कंसात नकाशाचं प्रमाणही.