जुनी रिलोडिंग प्रेस बदलायची का? आधी वेळेचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्याकडे रिलोडिंगची, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरायची, सेकंडहँड घेतलेली आरसीबीएसची रॉक चकर प्रेस आहे, सिंगल-स्टेज, म्हणजे एका वेळी एकच टप्पा करणारी. महिन्याला साधारण 250 राउंड (काडतुसं) पिस्तुलाच्या 9 एमएमचे आणि पन्नासेक रायफलच्या 308 चे भरता. आता चार स्टेशनची, म्हणजे हँडलच्या एका ओढीत चार काडतुसांवर चार टप्पे करणारी डिलन 550 घ्यायचीय, पैसे इमर्जन्सी फंडातून काढू की ईएमआय करू, आणि "राउंडमागे पैसे वाचतील म्हणजे प्रेस स्वतःचे पैसे वसूल करेल ना?" असं विचारलंय. लायसन्स, कायदा वगैरे सगळं नीट आहे असं धरून चालतो.

तर वसुलीचं आधी बोलू कारण सगळी गडबड तिथेच आहे. रिलोडिंगमध्ये पैसे वाचतात ते ब्रास, म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी केस, परत परत वापरल्यामुळे, आणि ते तर तुमची जुनी प्रेस आत्ताही करतेच आहे. प्रायमर (बार पेटवणारी बुडाची छोटी टोपी), पावडर, बुलेट नव्या प्रेसवर तेवढंच लागणार, म्हणजे राउंडमागचा खर्च एक पैसाही कमी होत नाही. वाचतो तो फक्त वेळ. तेव्हा ही गुंतवणूक नाही, वेळ विकत घेणं आहे, आणि तसं घेण्यात काहीच चूक नाही पण मग भावही तसाच काढायला हवा.

काढून बघू. सिंगल-स्टेजवर सगळे टप्पे धरून तासाला 60 च्या आसपास होतात, म्हणजे 9 एमएमला महिन्याचे चार तास. 550 वर सेटिंग, प्रायमर ट्यूब भरणं, मध्ये थांबून वजन तपासणं धरलं तरी तासाभरात आवरेल. वाचले तीन तास. तीन वर्षांत 108. आता प्रेसची पूर्ण किंमत भागिले 108 करा आणि स्वतःला विचारा, एवढे पैसे देऊन एक तास घेशील का? पूर्ण किंमत म्हणजे नुसती प्रेस नाही हं, 9 एमएमचं कन्व्हर्जन किट (प्रेस त्या काडतुसासाठी जुळवणारे सुटे भाग), जास्तीच्या प्रायमर ट्यूब, आणि केसच्या आत उजेड पाडणारा छोटा दिवा. तो दिवा बजेटमधून कापू नका. 550 ची शेलप्लेट (केस धरून ठेवणारी चकती) हाताने फिरवायची असते, लक्ष विचलित झालं तर एकाच केसमध्ये दोनदा पावडर पडू शकते, आणि सीटिंग-क्रिम्प (बुलेट बसवणं आणि केसचं तोंड आवळणं) वेगळं ठेवलं तर चार स्टेशनमध्ये पावडर चेक डायला, म्हणजे पावडर किती पडली ते तपासणाऱ्या साच्याला, जागाच उरत नाही, म्हणून प्रत्येक केसमध्ये डोळ्याने बघणं आलंच.

308 मात्र रॉक चकरवरच राहू दे. 50 राउंडसाठी दुसरं किट आणि टूलहेड (डाय बसवायचा वरचा भाग) घेण्यात अर्थ नाही, आणि ती ओतीव लोखंडाची प्रेस विकून फार काही हाती येणारही नाही. डाय तुमच्या 7/8-14 आट्यांच्या आहेत, त्या 550 वर बसतात, तेवढा खर्च वाचला. (त्याच कंपनीची स्क्वेअर डील बी स्वस्त दिसेल पण तिला तिच्याच वेगळ्या डाय लागतात.)

इमर्जन्सी फंडाला हात लावायचा नाही, अजिबात नाही. तुमचा फंड आधीच साडेतीन महिन्यांच्या खर्चाचा आहे, तो सहावर जायला हवा, घरात कमावणारे तुम्ही एकटेच आहात. ईएमआयलाही माझा नकार. कारण खरा खर्च प्रेस घरी आल्यानंतर सुरू होतो, भरायला सोपं झालं की नेमबाजी वाढते, 250 चे 500 होतात आणि प्रायमर-पावडरचं बिल दुप्पट होतं, वर हप्ता चालूच. 2020-21 मध्ये प्रायमर मिळेनासे झाले होते ते आठवा, अशा वेळी हाताशी रोख असलेला माणूस बरा, हप्ते भरणारा नाही.

माझं मत असं की यंदा 550 नको. वेळ खरंच खुपत असेल तर ली कंपनीची चार छिद्रांची क्लासिक टरेट (फिरत्या चकतीवर डाय बसवलेली प्रेस) बघा, डाय त्याच चालतात, तासाला 150 च्या आसपास होतात, म्हणजे चारातले दोन तास तरी वाचले आणि पैसे बरेच कमी लागतात. 550 च हवी असेल तर छंदाचं वेगळं खातं काढून दर महिन्याला त्यात टाका, फंड सहा महिन्यांवर पोचला की घ्या, सेकंडहँड मिळाली तरी चालेल कारण डिलनची या मॉडेलवरची आजीवन वॉरंटी दुसऱ्या मालकालाही लागू असते.

तोवर पुढचे दोन महिने प्रत्येक टप्प्याला किती वेळ जातो ते लिहून ठेवा. बऱ्याच जणांचा अर्धा वेळ ब्रास साफ करण्यात आणि निवडण्यात जातो, आणि तुमचंही तसंच निघालं तर मला परत लिहा, मग प्रेसचा विषय बाजूला ठेवून ब्रास साफ करणाऱ्या टम्बलर यंत्राचा हिशोब करू.